मोठ्या ड्रम किटला माइक लावताना : दहा बाय बाराच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

नागपुरात घरी स्टुडिओ थाटणाऱ्यांची खोली बहुतेक वेळा एकाच मापाची असते. दहा बाय बारा, वर दहा फुटांवर स्लॅब, खाली टाइल्स, चारी बाजूंना प्लास्टरच्या भिंती, छताच्या मध्यावर पंखा आणि खिडकीत कूलर. अशा खोलीत बावीस इंची किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), चौदाचा स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम), दहा-बारा-चौदा-सोळाचे चार टॉम (मोठे दोन म्हणजे फ्लोअर टॉम), आणि हाय-हॅट (पायाने मिटणारी जोडी), दोन क्रॅश, राइड, चायना हे सिंबल, म्हणजे झांजा, उभे केले की चालायलाही जागा उरत नाही. तरीही तिथे ऐकण्याजोगं रेकॉर्डिंग होतं. त्यासाठी माइक कुठले आहेत यापेक्षा ते कोणत्या क्रमाने लावले याला जास्त महत्त्व आहे.

क्रमावर माझा जोर आहे, कारण किटजवळचा प्रत्येक माइक अख्खं किट ऐकतो. दहा इंची टॉमवर लावलेल्या माइकमध्ये तो टॉम येतो, शिवाय त्याच्या वरचा क्रॅश, शेजारचा स्नेअर आणि खालची किकही येते. म्हणजे एक माइक वाढवला की एका ड्रमचा आवाज वाढतो आणि त्यासोबत बाकी सगळ्या किटची एक उशिरा पोचलेली प्रतही मिक्समध्ये मिसळते. छोट्या किटवर हे खपून जातं. तेरा-चौदा माइक लागले की या प्रती एकमेकींना खाऊ लागतात, आणि मग ड्रमर हेडफोन काढून म्हणतो, ‘भाऊ, मी एवढ्या जोरात मारून राहिलो, अन् इथं आवाज डब्बा येऊन राहिला.’ म्हणून आधी दोन ओव्हरहेड, म्हणजे किटच्या वर लावलेल्या, माइकमध्ये किट नीट उभं करायचं. बाकीचा प्रत्येक माइक त्या दोघांशी जुळला तरच ठेवायचा.

आधी खोली

बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमतो, दहा फुटांच्या रुंदीत ५६ च्या आसपासचा. आपल्या खोल्यांची उंचीही दहा फूट असली तर ५६ हर्ट्झ दोन दिशांनी घुमतो, आणि बावीस इंची किकचा मूळ सूर नेमका याच भागात असतो. किक कधी फुगलेली तर कधी गायब वाटते, त्याचं मोठं कारण हे आहे. इक्वलायझरने ते पुरतं सुटत नाही, किट सरकवून बरंच सुटतं. किट खोलीच्या लांबीच्या दिशेने मांडा, ड्रमरची पाठ आखूड भिंतीकडे आणि भिंतीपासून निदान दोन-अडीच फूट जागा सोडलेली. खोलीच्या बरोबर मध्यावर किट नको आणि कोपऱ्यात तर अजिबात नको. मध्यावर न ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे तिथे वर पंखा असतो. बंद पंख्याची पाती आणि वरची वाटी किकच्या ठोक्याला खडखडतात, आणि ओव्हरहेड माइक त्यांच्या अगदी जवळ असतात. पाती काढून ठेवता आली तर काढाच.

भिंतींवर अंड्याचे ट्रे चिकटवण्याची पद्धत अजून गेलेली नाही. त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. इंचभर जाडीचा फोमही फक्त सिंबलची वरची धार खातो आणि खालचा घुमारा तसाच ठेवतो, त्यामुळे खोली आणखी बसकी वाटते. आपण कापसाच्या मुलखात राहतो, त्याचा फायदा घ्या. पिंजलेल्या कापसाच्या जुन्या जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा, भिंतीपासून चार-सहा इंच सोडून. पैसे खर्च करायचेच असतील तर चार इंच जाडीची ग्लासवूल किंवा रॉकवूल लाकडी चौकटीत भरून वर कापड ताणा. गांधीबागेत कापड मिळतंच, फक्त त्यातून फुंकर आरपार गेली पाहिजे. या वूलचे तंतू उघडे ठेवू नका, श्वासात जातात.

सगळ्यात जास्त गरज असते ती किटच्या वर. ओव्हरहेड माइक सात फुटांवर असेल तर स्लॅब त्याच्यापासून तीनच फुटांवर असतो आणि सिंबलचा आवाज तिथे आपटून लगेच परत येतो. एक चौकट किंवा पातळ गादी छतापासून थोडी खाली, किटच्या बरोबर वर टांगा. हुक आणि दोर वजन पेलणारे असू द्या, खाली माणूस बसणार आहे. किटखाली रबरी मॅट आणि तिच्यावर जाड सतरंजी. टाइल्सवर किक सरकते आणि सरकलेल्या किकचा माइक अर्ध्या तासात वेगळंच काहीतरी ऐकू लागतो.

हे सगळं खोलीच्या आतला आवाज सुधारतं, बाहेर जाणारा थांबवत नाही. ठासून वाजवलेलं किट शंभर डेसिबलच्या वर सहज जातं, आणि रहिवासी भागाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्यांना आधी सांगा, वेळ ठरवून घ्या. परीक्षांच्या दिवसांत टाळा.

किट आधी, माइक नंतर

बेसूर टॉमला कुठलाही माइक सुरात आणत नाही. सेशनच्या दोन दिवस आधी वरची कातडी, म्हणजे बॅटर हेड, नवी चढवा. नवी हेड ताणून बसायला वेळ लागतो, म्हणून त्याच दिवशी नको. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, अर्धा-अर्धा आटा कसत जा. मग प्रत्येक बोल्टजवळ, कडेपासून इंचभर आत, काठीने हलकं टिचकावून सगळीकडे एकच सूर येतोय का ते बघा. खालची हेड वरच्याइतकी किंवा किंचित चढी ठेवली तर टॉमचा आवाज स्वच्छ उतरतो.

चार टॉम असले की एक नवी अडचण येते. दहाचा टॉम वाजला की स्नेअरच्या तारा झणझणतात, सोळाचा फ्लोअर टॉम किकच्या प्रत्येक ठोक्याला गुणगुणतो. एकेक टॉम वाजवून पाहा, कोण कोणाला जागं करतं ते ऐका, आणि त्या टॉमचा सूर जरासा वरखाली करा. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. उरलेला कर्कश नाद कागदी नॅपकिनची छोटी घडी चिकटपट्टीने कडेला लावून दाबता येतो. अर्धी कातडी टेपने झाकली तर ड्रमचा जीव जातो, तिथपर्यंत जाऊ नका.

किकच्या पेडलला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. सैल विंग नट, टॉमच्या ब्रॅकेटचा खुळखुळ, स्टूलाची कुरकुर हे सगळं शांत खोलीत एकदा कान देऊन शोधा. माइक लागल्यावर हेच आवाज दहापट मोठे होतात.

आणि एक विनंती ड्रमरला: सिंबल दोन-तीन इंच वर घेता येतील का? टॉमच्या माइकमध्ये शिरणारा सिंबलचा आवाज कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. पण हात अवघडत असेल तर आग्रह धरू नका. अवघडलेल्या हाताने वाजवलेला टेक कितीही स्वच्छ रेकॉर्ड झाला तरी कामाचा नसतो. आपल्याकडचे बरेच वादक ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅडवर) घडलेले आहेत. पॅडवर हलक्या फटक्यालाही जोरदार आवाज मिळू शकतो, खऱ्या किटवर तसं होत नाही. त्यांना मिक्सच्या आधी एकदा रेकॉर्डिंग ऐकवा. हॅटवर जोर कमी आणि स्नेअरवर जास्त, ही सवय बसली की माइक लावणाऱ्याचं निम्मं काम संपतं.

किती चॅनेल

पूर्ण मांडणीची यादी अशी होते:

१. किक आत
२. किक बाहेर
३. स्नेअर वर
४. स्नेअर खाली
५. टॉम १०
६. टॉम १२
७. फ्लोअर १४
८. फ्लोअर १६
९. हाय-हॅट
१०. राइड
११. ओव्हरहेड डावा
१२. ओव्हरहेड उजवा
१३. खोलीचा माइक

आठ प्रीॲम्पचा, म्हणजे आठ माइक घेणारा, इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारं यंत्र) असेल, उदाहरणार्थ फोकसराइट स्कारलेट १८आय२०, तर उरलेल्या पाचांसाठी त्याच्या एडॅट ऑप्टिकल इनपुटला बेहरिंगर एडीए८२०० सारखा आठ प्रीॲम्पचा डबा जोडता येतो. ४८ किलोहर्ट्झवर त्यातून आठही चॅनेल येतात. दोन्ही यंत्रांचं क्लॉक (आवाज मोजण्याचं आतलं घड्याळ) एकच हवं: एकाला मास्टर करा, दुसऱ्याला त्याच्यामागे चालू द्या. हे विसरलं तर रेकॉर्डिंगमध्ये अधूनमधून टिक-टिक असे बारीक खरचटल्यासारखे आवाज येतात आणि माणूस केबल बदलत बसतो.

आठच चॅनेल असतील तर चिंता नको. किक आत, स्नेअर वर, चार टॉम आणि दोन ओव्हरहेड. हॅट, राइड, चायना ओव्हरहेडमध्ये भरपूर येतात. घरगुती खोलीसाठी मी हीच मांडणी आधी सुचवेन, आणि तिच्यात समाधान होईपर्यंत पुढे जाऊ नये असंही सांगेन.

जागा नसल्याने स्टँडची गर्दी होते, त्यामुळे टॉमना रिमवर बसणारे क्लिपचे माइक घ्या. ओव्हरहेडसाठी पडद्याच्या दांडीसारखा एक लोखंडी पाइप भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवून घेतला तर दोन मोठे बूम स्टँड वाचतात. पाइपाच्या टोकांना रबर घाला, नाहीतर भिंतीची थरथर माइकपर्यंत पोचते. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर असलेली पट्टी चिकटवा.

ओव्हरहेड

इथे वेळ घालवा. एखादा तास गेला तरी चालेल.

ओव्हरहेडसाठी एकसारखे दोन कंडेन्सर लागतात, शक्यतो छोट्या डायफ्रामचे, आणि त्यांना ४८ व्होल्टची फॅन्टम पॉवर, म्हणजे केबलमधूनच मिळणारी वीज. मोठं किट रुंदीला सहा-सात फूट पसरतं, म्हणून एकाच जागी जोडून लावलेले दोन माइक मधल्या ड्रमना जवळचे आणि टोकाच्या चायनाला लांबचे पडतात. त्यापेक्षा दोन्ही माइक चार-पाच फूट अंतरावर, सिंबलच्या वर साधारण अडीच ते तीन फूट, खाली रोखून लावा. खोली फारच घुमत असेल तर आणखी खाली या. माइक जितका जवळ तितकी खोली कमी ऐकू येते, फक्त खालचा सिंबल एकटा पुढे येऊ लागला की थांबा.

आता सुतळी घ्या. एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरायला सांगा आणि दुसरं डाव्या माइकच्या तोंडापर्यंत नेऊन तिथे गाठ मारा. तीच गाठ उजव्या माइकच्या तोंडाला लागली पाहिजे. दोन्ही माइक स्नेअरपासून समान अंतरावर आले की स्नेअर दोघांत एकाच वेळी पोचतो, म्हणून तो बरोबर मधोमध आणि भरीव ऐकू येतो. एक माइक फूटभर लांब असेल तर स्नेअर त्याच्यात सुमारे एक मिलिसेकंद उशिरा येतो, आणि दोन्ही एकत्र केल्यावर त्याचं मधलं अंग पोकळ होतं. पूर्ण मिक्समधली बरीच पोकळी इथेच जन्म घेते.

स्नेअर जमला की किकचंही अंतर मोजा. स्नेअर किटच्या मध्यावर नसतो, त्यामुळे दोन्ही एकदम बरोबर येण्यासाठी माइकची जोडी थोडी तिरपी करावी लागते: स्नेअर आणि किक यांना जोडणारी रेघ मनात धरा आणि दोन्ही माइक त्या रेघेच्या दोन बाजूंना सारखे ठेवा. यामुळे फ्लोअर टॉमच्या बाजूचा माइक ड्रमरच्या पाठीकडे सरकतो. दिसायला वाकडं दिसतं, ऐकायला सरळ.

ब्रिटिश इंजिनियर ग्लिन जॉन्स यांची मोजक्या माइकची पद्धत अनेकांनी वापरून पाहिलेली असते: एक माइक स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने हाय-हॅटकडे बघणारा, दोन्ही स्नेअरपासून समान अंतरावर. चार तुकड्यांच्या किटवर ती सुरेख चालते. दोन फ्लोअर टॉम आणि त्यामागे चायना असला की बाजूचा माइक सोळाच्या टॉमच्या फारच जवळ जातो. तरी एकदा करून बघा, समान अंतराचं महत्त्व कानाला लगेच पटतं.

दोन ओव्हरहेडवर एक मिनिट साधा ठेका रेकॉर्ड करून, बाकी काही न जोडता ऐका. किट ओळखू येतं का? डावीकडून उजवीकडे टॉम फिरवले तर रेषा तुटत नाही ना? एखादा क्रॅश बाकीच्यांना झाकतो का? जे खटकतं ते माइक इंच-दोन इंच हलवून इथेच मिटवा.

किक

पुढच्या कातडीला चार-पाच इंचांचं भोक असेल तर शुअर बीटा ५२ए किंवा एकेजी डी११२ सारखा माइक त्या भोकातून आत न्या. तोंड नुसतं आत शिरलेलं असताना गोलाई मिळते, बीटरच्या (पेडलच्या हातोडीच्या) कातडीपासून तीन-चार इंचांवर नेलं की ठोक्याची टोकदार धार मिळते. बीटर जिथे लागतो त्या बिंदूवर सरळ रोखण्यापेक्षा किंचित बाजूला वळवा. डबल पेडलवर वेगाने वाजणाऱ्या संगीतासाठी जवळ, सुगम किंवा लोकसंगीताच्या साथीसाठी लांब. आत एक छोटी उशी कातडीला जेमतेम टेकेल अशी ठेवली तर नाद आटोक्यात राहतो. भोकाच्या कडेला माइकचा स्टँड टेकू देऊ नका, तिथे फुसफुस येते.

बाहेरचा माइक फूटभर अंतरावर, किकच्या अंगाचा आवाज घ्यायला. त्यात सिंबल फार शिरतात, म्हणून किकच्या पुढच्या भागापासून माइकच्या पलीकडपर्यंत जाड रजईचा बोगदा करा. याच जागी सहा-आठ इंची जुन्या स्पीकरचा शंकू माइक म्हणून वापरता येतो. त्याच्या दोन तारा एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) प्लगच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांना जोडल्या की शंकू ठोक्याने हलतो आणि खालच्या सुरांचा भक्कम आवाज देतो. इतवारीतल्या जुन्या सामानाच्या दुकानातला स्पीकरही चालतो. त्या चॅनेलची फॅन्टम पॉवर बंद ठेवा आणि पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) दाबा, सिग्नल जोरदार असतो.

स्नेअर

शुअर एसएम५७ हा १९६५ पासूनचा माइक अजूनही इथे सगळ्यात जास्त लावला जातो, आणि रास्तच आहे. रिमच्या इंचभर आत, कातडीपासून दीड-दोन इंच वर, तोंड मध्याकडे तिरपं. काठीच्या वाटेत येणार नाही एवढं बघा.

यापेक्षा महत्त्वाची आहे ती माइकची पाठ. ५७ सारखा कार्डिऑइड माइक बरोबर मागून येणारा आवाज सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून ५७ अशा बाजूने आणा की त्याची शेपटी हाय-हॅटकडे असेल. सुपरकार्डिऑइड माइक असेल, समजा बीटा ५७ए, तर त्याचा बहिरा भाग बरोबर मागे नसून मागच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या दिशेपासून साधारण १२६ अंशांवर असतो. तिथे शेपटी थोडी बाजूला फिरवावी लागते. हॅट वाजवत ठेवायला सांगा, हेडफोन घाला आणि माइक हळूहळू फिरवा. एका जागी हॅट एकदम मागे जाते, ती जागा सोडू नका.

खालचा माइक तारांच्या खाली तीन-चार इंचांवर. कातडीवर फटका बसतो तेव्हा वरची कातडी वरच्या माइकपासून दूर जाते आणि खालची खालच्या माइककडे येते, म्हणजे दोघांचे सिग्नल उलटे असतात. खालच्याची पोलॅरिटी फिरवा, म्हणजे बटण दाबून त्याचा सिग्नल उलटा करा. मिक्समध्ये तो थोडासाच लागतो, कुरकुरीतपणापुरता.

टॉम

कातडीपासून दोन-तीन इंच वर, रिमच्या थोडं आत, मध्याकडे तिरपा. सेनहायझर ई६०४ सारखे क्लिपचे माइक दाटीत सोयीचे पडतात. एमडी ४२१ असेल तर तो फ्लोअर टॉमना द्या, तिथे स्टँडला जागा मिळते. कडेला रोखलेला माइक नाद जास्त घेतो, मध्याला रोखलेला फटका जास्त.

इथेही पाठीचा विचार करा. दहा आणि बाराच्या टॉमवर क्रॅश लटकत असतो, तेव्हा माइक जितका उभा, खाली बघणारा, तितकी त्याची पाठ सिंबलकडे. आडवा माइक सिंबल बाजूने आत घेतो.

दोन शेजारच्या माइकमधलं अंतर प्रत्येकाच्या आपापल्या ड्रमपासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट असावं, असा एक उपयोगी नियम आहे. टॉमचे माइक तीन इंचांवर असतील तर एकमेकांपासून नऊ इंच लांब. जवळून माइक लावले की हा नियम आपोआप पाळला जातो. ओव्हरहेडना तो लावू नका, तिथे सुतळीचं मोजमाप चालतं.

टॉमवर नॉइज गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारं साधन) लावून रेकॉर्ड करण्याचा मोह टाळा. मोठ्या किटवर जोरदार क्रॅश गेट उघडतो आणि हळुवार टॉम उघडत नाही. सगळं रेकॉर्ड होऊ द्या. गाण्यात टॉम मोजक्याच ठिकाणी वाजतात, नंतर हाताने तेवढे तुकडे ठेवून बाकीचे कापणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि निकाल गेटपेक्षा कितीतरी चांगला.

हॅट आणि राइड

हॅटचा माइक कडेपासून आतल्या बाजूला, चार-पाच इंच वर, स्नेअरकडे पाठ करून. अगदी कडेला धरला तर हॅट मिटताना निघणारी हवेची फुंकर माइकवर आदळते. राइडचा माइक घंटीच्या (मधल्या फुगवट्याच्या) खालून लावला तर शेजारचे क्रॅश कमी येतात. तो खालून आहे म्हणून त्याची पोलॅरिटी फिरवून दोन्ही तऱ्हांनी ऐका. चायनाला वेगळा माइक मी लावत नाही.

आता जुळवणी

सगळे माइक लागले. आता ऐकण्याचा मिक्स मोनोमध्ये करा, म्हणजे डावं-उजवं एकत्र. मोनोत फेजची भांडणं, म्हणजे माइकच्या लाटांनी एकमेकींना खाणं, लपत नाहीत.

फक्त ओव्हरहेड चालू ठेवा. त्यात ‘किक आत’ मिसळा आणि त्याचं पोलॅरिटीचं बटण दाबून-सोडून ऐका. ज्या स्थितीत किक जाड, भरलेली वाटते ती ठेवा. मग स्नेअर वर, त्याच पद्धतीने. मग स्नेअर खाली, किक बाहेर, एकेक टॉम. प्रत्येक वेळी तुलना ओव्हरहेडशी, शेजारच्या माइकशी नाही. एखादा टॉम कुठल्याच स्थितीत भरत नसेल तर बटण सोडा आणि माइक इंचभर वर किंवा खाली करा.

एकेकट्या चॅनेलला सोलो करून त्याचा आवाज ‘छान’ करत बसणं हा वेळेचा नाश आहे. टॉमचा माइक एकटा ऐकला तर बटबटीत वाटतो, ओव्हरहेडसोबत तोच बरोबर बसतो. आणि एखादा माइक मिसळल्यावर किट सुधारलं नाही, तर तो बंद करा. यादीत तेरा नावं आहेत म्हणून तेरा वाजलेच पाहिजेत असं नाही.

रेकॉर्ड झाल्यावर लाटा पडद्यावर मोठ्या करून जवळचे ट्रॅक ओव्हरहेडशी सरकवून जुळवणारेही आहेत. ओव्हरहेड स्नेअरपासून मीटरभर लांब असला तर फरक तीन मिलिसेकंदांच्या आसपास येतो. सरकवल्याने फटका घट्ट होतो, पण किटची खोली, मागे-पुढे असण्याची जाणीव, कमी होते. मांडणी नीट असेल तर सरकवायची गरज सहसा पडत नाही.

खोलीचा माइक राहिला. दहा बाय बाराच्या खोलीत तो खोलीचे दोषच गोळा करतो. दार अर्धवट उघडं ठेवून तो बाहेरच्या जिन्यात लावा. स्लॅबच्या घरातला जिना किटला जी उंची देतो ती खोलीच्या आत मिळणार नाही.

गेन आणि वीज

२४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत जोराचे फटके उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील एवढाच गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) ठेवा. चाचणीत ड्रमर जेवढा जोर लावतो त्याहून जास्त तो गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लावतो, त्याच्यासाठी जागा हवी. गेन ठरवताना एकेक फटका मागू नका, गाण्यातला सगळ्यात दणदणीत भाग वाजवून घ्या. तरीही चॅनेल लाल होत असेल तर पॅड लावा.

सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, नीट अर्थिंग असलेल्या थ्री-पिन सॉकेटवर जोडा. गुणगुण थांबते म्हणून अर्थची पिन तोडणारे लोक आहेत. ते जिवावर बेतू शकतं, करू नका. ५० हर्ट्झची गुणगुण आली तर आधी पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि लॅपटॉपचा चार्जर एकेक करून बंद करून पाहा. स्वस्त इन्व्हर्टरवर घर चालू असेल तर करकर येतेच. वीज गेली की टेक थांबवा.

ऋतू, टेक आणि फाइल्स

एप्रिल-मेमध्ये नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, आणि कूलर चालू ठेवून कंडेन्सर माइकने रेकॉर्ड होत नाही. दोन टेकच्या मधे कूलर, टेकच्या वेळी बंद, असं करावं लागतं. पण खोली थंड-गरम होत राहिली की कातडीचा ताण बदलतो आणि टॉम उतरतात. प्रत्येक दोन गाण्यांनंतर सूर तपासा. नवतपात (मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत) तर सेशन ठेवूच नका, बंद खोलीत वाजवणाऱ्याची तब्येत बिघडते. पावसाळ्यात दमटपणाने कंडेन्सरमध्ये तडतड येऊ शकते, ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, फक्त लग्नाच्या तिथ्या बघून घ्या. आणि महाल-इतवारीत राहत असाल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, स्टुडिओ बंद ठेवून तुम्हीही रस्त्यावर या.

ड्रमरला बंद कपाचे हेडफोन द्या आणि क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, गरजेपुरताच मोठा. शांत कडव्यात क्लिकचा आवाज हेडफोनमधून ओव्हरहेडमध्ये गळतो, तेवढ्या भागापुरता तो कमी करा. चांगला ड्रमर तिसऱ्या-चौथ्या टेकला सगळ्यात मोकळा असतो. पहिल्या टेकपासून रेकॉर्ड चालूच ठेवा, पण दहाव्या टेकपर्यंत ताणू नका.

पक्का टेक मिळाला की किट लगेच उतरवू नका. माइक आहेत तिथेच ठेवून प्रत्येक ड्रमचे सुटे फटके रेकॉर्ड करा: हलका, मध्यम, जोराचा, प्रत्येकी चार-पाच, आणि नाद पूर्ण विझेपर्यंत थांबून. सिंबलचेही तसेच, राइडची घंटी वेगळी. मिक्स करताना एखादा टॉम पडलेला असेल, क्रॅशची शेपटी कापली गेली असेल, तर त्याच खोलीतला, त्याच माइकमधला फटका हाताशी असतो. मग जमिनीवर स्टँडच्या पायांभोवती रंगीत टेपच्या खुणा करा, प्रत्येक माइकचा मोबाइलवर फोटो घ्या, गेनचे आकडे वहीत लिहा, आणि अख्खा प्रोजेक्ट दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवून झाल्यावरच केबल गुंडाळायला घ्या.